थांबला का आवाज?

मी डावा स्पीकर बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण समोर टेबलावर स्क्रू ड्रायव्हर पडलाय आणि त्याचं टोक माझ्याकडे आहे. उजवा स्पीकर माझा जुळा भाऊ. तो मला घाबरट म्हणतो. असेन. पण दर वेळी आधी मलाच उघडतात, त्याला काय कळणार!

आम्हा दोघांना काकांनी स्वतःच्या हातांनी घडवलं. प्लायवूड कापलं, कडा घासल्या, आत कापूस भरला. खाली भारदस्त आवाजाचा मोठा, शंकूसारखा कागदी पडदा आणि वर बारीक, उंच आवाजांसाठी छोटासा ट्वीटर. स्पीकर दुरुस्त करणं हाच काकांचा धंदा. ओळखीपाळखीत त्यांना 'कानवाले काका' म्हणतात. कुठलंही यंत्र न लावता, नुसतं ऐकून ते स्पीकरचं दुखणं सांगायचे.

त्यांची रीतही न्यारी. काकू माझ्याशेजारी उभ्या राहून घराच्या चाव्यांचा जुडगा हलवायच्या. मग त्याच जुडग्याचं रेकॉर्डिंग माझ्यातून वाजायचं. खऱ्या चाव्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या हे कळेनासं झालं, की काका माझे स्क्रू आवळायचे.

"चाव्या कधी थापा मारत नाहीत," ते म्हणायचे.

"आणि चाव्यांचे मालक?" काकू विचारायच्या.

पुढे पुढे काकू कंटाळल्या. घरातली कामं टाकून चाव्या किती वेळ हलवणार? काकाही म्हणाले, "राहू दे गं, तो आवाज माझ्या डोक्यात पक्का बसलाय." इथेच घात झाला.

एकदा रेकॉर्डिंग ऐकताना काकांच्या कपाळावर आठी पडली. "डाव्याचा आवाज बसत चाललाय," ते पुटपुटले. त्यांनी मला उघडलं आणि ट्वीटरला लगाम घालणारा रेझिस्टर बदलून तो लगाम सैल केला. माझा आवाज धारदार झाला, काका खूश झाले. काही महिन्यांनी पुन्हा आठी, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर. भावाचीही तीच गत. आम्ही अक्षरशः किंचाळू लागलो. मांजरानं खोली सोडली. काकू कानात कापूस घालून भाजी निवडू लागल्या, पण बोलल्या नाहीत. दुरुस्त करून दिलेले स्पीकर गिऱ्हाईकं परत आणू लागली.

माझा आवाज बसलाच नव्हता. काकांनाच वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. ज्याची सगळी इभ्रत कानावर, त्याला हे सांगायचं कुणी?

एका रविवारी त्यांची मुलगी माहेरी आली. मी सुरू होताच तिनं कानांवर हात ठेवले. "बाबा, कान फुटतील हो!" दुपारी तिनं लॅपटॉप उघडला आणि पेन्सिलीएवढा माईक माझ्यासमोर उभा केला. मी थरथरत वाजलो. पडद्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली आणि पुढे जिना चढावा तशी वर चढली.

"बघा, वरचे आवाज फारच जास्त आहेत."

"तुझं ते डबडं मला शिकवणार? उभा जन्म या कानांवर काढलाय मी."

"बरं, मग कानांनीच ठरवू. मी एक सूर चढवत नेते. थांबला की हात वर करा."

माझी वायर तुटावी असं मला फार वाटलं. ती तुटली नाही. घुमणारा आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला, मग डासासारखा बारीक. काकांनी हात वर केला.

मी थांबलो नव्हतो. जीव तोडून वाजत होतो. काकूंनी मान खाली घातली. काकांनी आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं.

"थांबला ना आवाज?"

"अहो," काकू म्हणाल्या, "अजून चालू आहे."

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "दुकान बंद करू. आणि ही जोडी भंगारात टाका."

काकू उठल्या. खुंटीवरच्या चाव्या घेऊन माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "डोक्यातल्या चाव्या राहू द्या. या ऐका," असं म्हणून त्यांनी जुडगा हलवला. मुलीनं लगेच रेकॉर्डिंग लावलं. काका दचकले. खऱ्या चाव्याही आता त्याच थकलेल्या कानांत शिरत होत्या, त्यामुळे फरक लपला नाही.

"डावा फार कर्कश वाजतोय गं," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः रेझिस्टर बदलला. ऐकलं, पुन्हा बदलला. दोन्ही चाव्या एक झाल्या तेव्हा मुलीनं माईक लावला. रेघ शेवटपर्यंत सरळ गेली. भावाचंही तसंच जमलं. दुकान चालू राहिलं.

पण माझी भीती गेलेली नाही. मुलगी आली की तो चढता आवाज लावते, आणि काकांचा हात दर वेळी मागच्यापेक्षा जरा आधी वर जातो. आजही गेला. चडफडत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला, तोच हा. आता काका उठलेत. माझ्याकडेच येताहेत. मेलो!

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा चाव्या आण."

एक दिवस या चाव्याही त्यांना ऐकू येणार नाहीत. तेव्हा ते माझ्यासमोर बसून विचारतील, थांबला का आवाज? घरात जे कोणी असाल, ते 'हो' म्हणून त्यांना खोटा धीर देऊ नका. मी अजून वाजतोय, एवढं त्यांना सांगा.