लानताईच्या हॉटेलातली कढई

मी एक लोखंडी कढई बोलतेय. चीनमधल्या चेंगदू शहरात, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत लानताईचं नऊ खोल्यांचं हॉटेल आहे. तिथल्या स्वयंपाकघरात भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेली असते, ती मीच. टांगलेली असते म्हणते खरी, पण स्वस्थ अशी मी कधी नसते. आत काहीतरी सारखं खदखदत असतं. ते काय, तेच आज सांगायचंय.

माझा जन्म हातोड्याखालचा. एका म्हाताऱ्या लोहारानं तीन दिवस ठोकून ठोकून मला घडवलं. त्याच्या दुकानातून मला ग्वानकाकानं उचललं. तेव्हा तो तिशीतला तगडा आचारी होता, डुकराचं मांस उकडून पुन्हा परतून देणाऱ्या एका खानावळीत. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. सकाळी पहिली माझ्या अंगावर चरबी पडायची, मग मिरची, मग तिरफळ. ती चरबी पिऊन पिऊन मी काळी, तुकतुकीत झाले. माझ्यात काही चिकटायचं नाही. ग्वानकाका मनगटाला झटका द्यायचा आणि अख्खी भाजी हवेत उडून परत माझ्याच कुशीत यायची. लोक खिडकीतून बघत राहायचे.

मग ती इमारत पाडली, खानावळ बंद झाली. ग्वानकाका मला पोत्यात घालून घरी घेऊन गेला. पाच महिने मी पलंगाखाली होते. त्या पोत्यात मला पहिल्यांदा गंज चढला.

लानताई आधी एका पंचतारांकित हॉटेलात खोल्या आवरायची. रोज सकाळी अर्ध्या झिजलेल्या साबणाच्या वड्या, एकदाच वापरलेले ब्रश आणि न फोडलेल्या पाण्याच्या बाटल्या पोतीच्या पोती भरून फेकायची. ‘हात फेकायला शिकले, तेवढंच शिकले,’ असं ती म्हणायची. म्हणून स्वतःचं हॉटेल काढलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी ठरवल्या. इथे काही फुकट फेकायचं नाही, आणि इथल्या ताटासाठी कुठल्या जनावराचा जीव जायचा नाही. मांस नाही, अंडं नाही, दूधही नाही. चादर पाहुण्यानं सांगितली तरच बदलायची. भाजीची सालं गच्चीवरच्या मातीत जायची, आणि त्या मातीतली पालेभाजी परत माझ्यात यायची.

ग्वानकाका तिच्याकडे आचारी म्हणून कामावर आला तो मला काखेत मारूनच.

“नवीन कढई आणते ना मी, काका,” लानताई म्हणाली.

“तुझ्याकडे वस्तू फेकत नाहीत म्हणे! मग हिला कशाला फेकायची? घासून आणलीय.”

घासली होती त्यानं, वरवर. आत काय मुरलंय ते मला ठाऊक होतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. पाहुणे मोबाइलवर लिहून जायचे, “चादरी छान, माणसं छान, जेवण म्हणजे ओला कागद.” लानताई ते ग्वानकाकाला वाचून दाखवायची नाही, पण स्वतःशी पुटपुटत वाचायची, आणि भिंती पातळ होत्या. सव्वीस वर्षं लोकांनी ज्याच्या हातचं बोटं चाटून खाल्लं, तो माणूस माझ्यासमोर उभा राहून उलथणं नुसतं फिरवत राहायचा. नऊपैकी सात खोल्या रिकाम्या. हॉटेल बंद करावं लागेल, असं लानताई एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ग्वानकाकानं एक डबा आणला. डब्यावर चिठ्ठी होती, ‘आंबवलेलं तिखट’. आत डुकराची पांढरीशुभ्र चरबी होती.

एकच चमचा टाकला त्यानं. मी लगेच ओळखली. अंग माझं लोखंडाचं, पण लाज कशी वाटते ते मला त्या दिवशी कळलं.

टोफू असा सुटला की लानताईचे डोळे विस्फारले. “काका, काय जादू केलीत?”

“अळंबीचं पाणी गं. मंद आचेवर आटवावं लागतं.”

खोल्या भरू लागल्या. लोक लिहू लागले, ‘मांसाची आठवणसुद्धा येत नाही’. ग्वानकाका ते ऐकून हसायचा, आणि मी शेगडीवर थरथरायचे. उलथण्याच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू जायचं नाही.

मग ताओ आजी आली. यिबीनकडच्या एका गावातली सत्तरीची बाई, हातात कापडी पिशवी, पायात कापडी बूट. तिच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन शेजारच्या इस्पितळात व्हायचं होतं. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी तिनं बोधिसत्त्वापुढे गुडघे टेकून मांस सोडलं होतं. आमच्याआधी तिनं चार हॉटेलं पालथी घातली होती. खोली बघायला ती वर गेलीच नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“दारावर शाकाहाराचं हिरवं पान काढलेलं मी चार ठिकाणी बघितलं, पोरी,” ती म्हणाली. “एका ठिकाणी भाजीतून मांसाचे तुकडे वेचून काढून देतात. एका ठिकाणी कोंबडीची पूड घालतात आणि म्हणतात, पुडीत कुठे कोंबडी असते! तुझ्याकडे काय घालतात?”

“काही नाही हो आजी. देवाशपथ.”

लानताई खरं बोलत होती. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं खरंच होतं. ग्वानकाकाचा सुरा पाटावर थांबला, आणि मग पुन्हा चालू लागला.

आजी आठ दिवस आमच्याकडे जेवली. सकाळी नूडल्स, संध्याकाळी टोफू. जाताना दारातून म्हणायची, “मास्तर, हात सोन्याचा आहे तुमचा.” ग्वानकाका मान खाली घालायचा. तिच्या ताटात चरबी घालू नये असं त्याच्या मनात यायचं. दोनदा त्यानं चमचा परत डब्यात ठेवलाही. पण भाजी सगळ्यांची एकदमच व्हायची, आणि मी तर होतेच, सव्वीस वर्षं मुरलेली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी आजोबांना ताप भरला, तो उतरेना.

नवव्या दिवशी दुपारी आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. जेवायला नव्हती आली. नुसतीच बसली.

“मास्तर, तुम्ही शहाणे आहात, सांगा. व्रतात माझं कुठे चुकलं? तेलाचा हात लागला असेल का कुठे? बसमध्ये शेजारची बाई सॉसेज खात होती, तिचा धक्का लागला होता. त्यानं मोडतं का? आठवून आठवून डोकं फिरायची वेळ आली. माझ्यामुळे तो तापलाय.”

ग्वानकाकानं गॅस बंद केला. मी गरमच होते. त्यानं फळीवरचा डबा काढला, आजीसमोर जमिनीवर ठेवला आणि झाकण उघडलं.

“तुमचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “हे मी केलं.”

आजीनं बोट बुडवून वास घेतला. बोट पिशवीला पुसलं. मग म्हणाली, “आठही दिवस?”

“आठही दिवस.”

“मला ठसका लागायचा, तेव्हा तुम्ही पाणी आणून द्यायचात. तेव्हा तरी सांगायचंत.”

आवाज ऐकून लानताई धावत आली. डबा बघितला आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसली. “काका, मी लोकांना शपथेवर सांगितलं हो!” एवढंच ती परत परत म्हणत राहिली. ग्वानकाका म्हणाला, “बंद पडलं असतं ना गं.” ती म्हणाली, “पडू द्यायचं होतं.”

आजी पिशवी भरून निघून गेली. लानताईनं मला शेगडीवरून काढलं आणि भंगाराच्या टोपलीत टाकलं. इथे कधीच काही न फेकणाऱ्या त्या बाईनं पहिलं फेकलं ते मला! टोपलीत पडल्या पडल्या मी ऐकत होते. ती इथे जेवून गेलेल्या एकेका पाहुण्याला फोन करत होती. कुणी शिव्या दिल्या. एक मुलगी रडली. एकानं विचारलं, “पण तो टोफू परत मिळेल का?” त्याच्यावर मात्र ताई ओरडली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आजी परत आली. पिशवी तशीच भरलेली.

“तीन ठिकाणी विचारलं,” ती म्हणाली. “तिघंही हसून म्हणाले, एकदम शुद्ध! आता मला त्या हसण्याचीच भीती वाटते. तुमचं खोटं कुठल्या डब्यात होतं, ते तरी मी बघितलंय.” मग टोपलीकडे बघून म्हणाली, “हिला का टाकलंत? लोखंडाचा काय दोष? लाल होईपर्यंत तापवा.”

मला उलटी करून आगीवर ठेवलं. सव्वीस वर्षांचा काळा थर पापड्या होऊन सुटायला लागला. धुरानं तिघांनाही खोकला आला. आजीनं बांबूचा खराटा घेतला, ग्वानकाकानं रेती. घासून घासून मी राखाडी, उघडी, लोहाराकडे होते त्याहून कोरी झाले. कढई मुरवायला, म्हणजे तिच्यावर न चिकटणारा थर चढवायला, ग्वानकाकाला चरबीचा तुकडा घासणं एवढंच ठाऊक होतं. आजीनं आलं आणि कांद्याची पात मोहरीच्या तेलात बुडवून त्याच्या हातात दिली. “घासा. मी इथेच बसते.”

दोन दिवसांनी डॉक्टरांनी औषध बदललं आणि आजोबांचा ताप उतरला. तो का चढला आणि का उतरला, मला लोखंडाला काय कळणार! आजीही त्यावर काही बोलली नाही. ग्वानकाकाला माफ केलं असंही ती कधी म्हणाली नाही. जायच्या दिवशी आजोबांना मात्र घेऊन आली. ग्वानकाकानं टोफू टाकला. माझं अंग कोरं, सगळा तळाला चिकटला आणि करपला. आजोबांनी एक घास खाल्ला. “करपलाय,” म्हणाले, आणि वाटी पुसून संपवली.

या गोष्टीला वर्ष होईल आता. अर्ध्या खोल्या रिकाम्या असतात. माझ्यावर थर चढतोय, पण पातळ आहे. अजून चिकटतं. ग्वानकाका अळंबीचं पाणी खरोखर आटवतो आणि दर वेळी चाखून मान हलवतो, अजून नाही जमलं म्हणतो. मलाही चैन नाही. हरवलेली चव परत येईल की नाही, आणि आली तर लोक विश्वास ठेवतील का, या घोरात मी असते.

वाचणाऱ्या माणसा, परगावी कधी उतरलास तर पाटी वाचून थांबू नकोस. आगीजवळ जे उभे असतात त्यांच्याशी दोन शब्द बोल. आम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून आमच्यात साचत जातं.

बाहेर घंटी वाजली. दोघं नवे पाहुणे दिसताहेत, पाठीवर बोजे. लानताई दार उघडायला निघालीय. आणि ग्वानकाकानं हात पुसले, टोपी काढली, आणि कुणी बोलावलं नसताना तो तिच्या पाठोपाठ बाहेर जातोय, त्यांना सगळं सांगायला.