तळहातावरचा उजेड

एकशे चौदा फोटोंत फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा मोजता येत होता, आणि एकाही फोटोत मुलीला चेहरा नव्हता.

मुलगी स्किमबोर्ड खेळते. लाट ओसरली, की ओल्या वाळूवरच्या बोटभर पाण्यात फळी टाकायची, तिच्यावर उडी घ्यायची, घसरत पुढच्या लाटेला भिडायचे आणि वळून किनाऱ्याकडे परतायचे. असल्या उपद्व्यापाला खेळ म्हणणे फोटोग्राफर बापाला मान्य नव्हते. "साबणावरून घसरणाऱ्यालाही पदक द्या मग," असे तो म्हणे. पण निवड समितीला चेहरा ओळखू येईल असा खेळतानाचा फोटो आजच पाठवायचा होता, आणि तो बाबांनीच काढावा, हा तिचा हट्ट होता.

म्हणून दुपारभर तो वाळूत खुर्ची टाकून बसला. शेजारी बायको मोबाइल घेऊन उभी.

"अहो, एकदा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा तरी."

"मागच्या पानावरची उत्तरं बघून गणितं सोडवण्यातला प्रकार तो. एकतीस वर्षं तळहातावर उजेड मोजतोय मी. कधी चुकलाय?"

"बरं, राहिलं."

स्टुडिओत तो चुकला नव्हता, हे खरे. तळहात पुढे धरायचा, त्यावरचा उजेड मोजायचा; तळहात चेहऱ्याहून उजळ, म्हणून कॅमेऱ्यात उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचा. समुद्रावर त्याने तेच केले. हात सूर्यासमोर धरला, कॅमेऱ्यावर आकडे लावले आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिले नाही.

घरी संगणकावर काळोख उजळून पाहिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसते दाणे आले.

"लेन्सला खारी हवा बाधली," तो म्हणाला. "शिवाय तू मान खाली घालतेस."

मुलीने आईचा मोबाइल घेतला. त्यातल्या फोटोत आभाळ पांढरेफटक, फेस म्हणजे चुन्याचा फराटा. मधोमध ती, दात काढून हसणारी.

"हा मी कचऱ्यात टाकला असता."

"माहितेय. पण ह्यात मी आहे, बाबा," ती म्हणाली आणि तिने तो पाठवून दिला.

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. तो टेबलावरच्या दिव्यासमोर तळहात धरून बराच वेळ बसला.

स्टुडिओत गिऱ्हाईक दिव्याकडे तोंड करून बसे आणि तळहातही त्याच दिव्यात असे. किनाऱ्यावर सूर्य समुद्राच्या बाजूला होता. लाटेवरून परतताना मुलीची पाठ सूर्याकडे होती आणि तोंड बापाकडे, सावलीत. त्याने मोजला होता तो स्वतःच्या हातावरचा उजेड.