मुरमुऱ्याची मलमपट्टी

आमच्या घरी आधी चार बैल होते. मग दोन राहिले, मग ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागून ससा आला. माझी सून दुर्गेश्वरी गोंदियाच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवते. तिथल्या पोरांनी हौसेनं आणलेला ससा सुट्ट्या लागल्यावर कोणालाच नको झाला, तेव्हा ही बाई त्याला खोक्यात घालून घरी घेऊन आली. नाव ठेवलं मुरमुरा. ज्याचं दूध निघत नाही, ज्याला नांगराला जुंपता येत नाही, त्याला नाव कशाला लागतं हे मला आजही कळलेलं नाही.

मी ईश्वरदास पटले. चौतीस वर्षं सरकारी गुरांच्या दवाखान्यात होतो, कागदावर व्रणोपचारक आणि लोकांच्या तोंडी ड्रेसर. डॉक्टर यायचे, सह्या करायचे आणि जायचे. जनावर धरायचं, जखम उकलायची, अळ्या काढायच्या, ते सगळं माझ्याकडं. आमगावपासून सालेकशापर्यंत कोणाच्या बैलाला अळ्या पडल्या तर माणूस डॉक्टरला विचारत नसे, पटले ड्रेसर कुठं आहे ते विचारत असे. निवृत्तीनंतर पेन्शन उरली आणि हे नाव उरलं.

भादव्यात उकाडा वाढला. शेजारची शकुंतलाबाई बिड्या वळता वळता सशाला गूळ-भात चारायची. मी पाहत होतो, पण मना केलं नाही. सशाला जुलाब लागले, मागचा भाग घाण राहिला आणि माश्या बसू लागल्या. एका शनिवारी दुर्गेश्वरीला वास आला. तिनं त्याला उलटं करून पाहिलं आणि खोकं शोधायला धावली. मीही वाकून पाहिलं. पंधरा-वीस अळ्या असतील, तांदळाच्या कणीएवढ्या. मी बैलाच्या खुरातून ओंजळभर काढून वरून चहा प्यायलेला माणूस, मला हसूच आलं.

ती त्याला ऑटोनं गोंदियाला घेऊन गेली. तिथं धर्मेंद्र नावाचा एक कुत्र्या-मांजरांचा पोरगेला डॉक्टर आहे. त्यानं म्हणे तासभर चिमट्यानं एकेक अळी वेचली, केस भादरले, इंजेक्शन दिलं आणि कागदभर पथ्य लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुवायची, कापसानं कोरडी करायची, मलम लावायचं. दर तीन तासांनी हिरव्या गवताची पातळ चटणी सिरिंजनं तोंडात घालायची, कारण सशाचं पोट रिकामं राहिलं तर तो दिवसभरात मरतो. वर मच्छरदाणी. आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, आपल्या मनानं काहीही लावू नये. एवढे लाड तर मी माझ्या जर्सी गाईचे केले नाहीत.

दुर्गेश्वरीनं चक्क रजा टाकली. माझा मुलगा कैलाश राइस मिलमध्ये ऑपरेटर आहे, दिवसभर पोती आणि मशीन यांच्यात असतो. तो सहा फुटी गडी घरी आला की सशाचे पाय धरून बसायचा आणि बायको त्याचं ढुंगण पुसायची. त्यांच्याकडं पाहून मला लाज वाटायची. आमच्या वंशाचे लोक माळव्यातून बैलगाड्या हाकत इथवर आले, असं माझे आजोबा सांगायचे.

बुधवारी तिची रजा संपली. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून तिनं कैलाशला सांगितलं आणि कैलाशनं मला, की बाबा, अकरा वाजता आणि दोन वाजता सिरिंज द्या, जखमेला हात लावू नका. मला, हात लावू नका.

अकरा वाजता मी मच्छरदाणी उचलली तर जखमेच्या कडेला एक अळी वळवळत होती. एकच. मला मनापासून आनंद झाला. चार दिवसांची मलमं, कापूस, कागद, आणि अळी तिथंच. मी शकुंतलाबाईच्या सुपातून बिडीच्या तंबाखूचा चुरा दोन चिमटी आणला आणि जखमेत दाबला. बैलाला मी असाच भरायचो. अळी लगेच मेली. सून आली की काही न बोलता तिला ती मेलेली अळी दाखवायची, असं मी ठरवलं होतं.

दीड वाजता ससा थरथरू लागला. तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय आपोआप झटके देत होते. बैल चारशे किलोचा असतो आणि हा जेमतेम दोन किलोचा, हा हिशेब मला तेव्हा सुचला. मी धोतराच्या सोग्यानं तंबाखू पुसला आणि वरून तिचंच मलम लावलं, कोणाला कळू नये म्हणून. मग अंगणात जाऊन बसलो.

ती तीनला आली. काय झालं विचारायलाही थांबली नाही, ऑटो बोलावला. धरायला कोणी हवं म्हणून मी सोबत बसलो. सगळ्या रस्त्यानं ती सशाशी पुटपुटत होती, की सकाळी शाळेच्या घाईत आपण जखम नीट कोरडी केली नाही, म्हणून हे झालं. मी रस्त्याकडं पाहत राहिलो.

डॉक्टरनं विचारलं, जखमेवर काही लावलं का.

"मलमच लावलं सर. सकाळी कापूस बराबर फिरवला नाही मी. माह्याच हातानं झालं हे."

तो म्हणाला, जखम पिकून तिचं विष रक्तात गेलेलं दिसतं. त्यावरचं इंजेक्शन देऊन पाहू, पण आशा कमी आहे. त्यानं औषध भरायला घेतलं. ते औषध चुकीच्या आजाराचं होतं आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. गप्प राहिलो असतो तर ससा मेला असता, सुनेनं जन्मभर स्वतःला दोष दिला असता आणि पटले ड्रेसर होता तसाच राहिला असता. खोटं कशाला बोलू, त्यानं सुई भरेपर्यंत मी गप्प राहिलो.

"तमाखू भरली होती मी," मी म्हणालो. "दोन चिमटी. अकरा वाजता. मंग पुसून टाकली."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. किती, कुठं, कशानं पुसली, एवढंच विचारलं आणि जखम धुवायला घेतली. कितीतरी वेळ धूत होता. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. सुनेनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. साडेपाचच्या सुमारास सशाचे झटके थांबले आणि त्यानं सिरिंजमधली चटणी थोडी गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेनं रजा नाकारली आणि कैलाशची पाळी सातची होती. घरात मीच उरलो होतो. सून त्याला शकुंतलाबाईकडं सोडील, नाहीतर शाळेत घेऊन जाईल, असं मला वाटलं. ती सशाला कुशीत घेऊन ओसरीवर आली, माझ्यासमोर थांबली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली.

"मामाजी, साबणानं हात धुवून या. मंग मी सांगतो तसं धरा त्याले."

चौतीस वर्षांत मला कोणी हात धुवायला सांगितलं नव्हतं. जखमेला हात घालण्याआधी मी ते कधी धुतलेही नव्हते, काम झाल्यावर धुवायचो. मी नळाकडं गेलो आणि कोपरापर्यंत साबण लावला.