न वाचता केलेली सही

सभागृहात कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द टिपून घ्यायचं, हे बाईंचं काम. छापण्याआधी मसुदा बोलणाऱ्याकडे तपासायला जाई. नवखे आमदार त्यात इतक्या रेघोट्या ओढत की कागदाची पार चाळण होई. सभागृहनेत्यांचा, म्हणजे थोरल्यांचा, मसुदा मात्र वीस वर्षं जसाच्या तसा परत येत होता, खाली फक्त सही. हा माणूस वाचतो तरी का, हे कोडं बाईंना काही सुटत नव्हतं.

त्या कुतूहलापायी बाई टिपणाच्या कामात जरा सैल झाल्या होत्या, हे कबूल करायला हवं. थोरले तापले की तोंडाचा पट्टा सुटे. समोरच्याची अक्कल काढत, एकदा तर एका मंत्र्याला गाढव म्हणाले. बाईंनी लिहिलं, 'मंत्रिमहोदयांशी मी सहमत नाही.' सही आली. मग काय, बाईंना सवयच लागली.

आज थोरल्यांचं शेवटचं भाषण होतं. दुपारची वेळ. पत्रकार जेवायला गेलेले, हजर सदस्यांतले निम्मे पेंगत होते. आभार मानता मानता थोरले थांबले आणि म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी डोंगरावरचा दवाखाना बंद केला. मी स्वतः पाहणी केली, असं इथं सांगितलं होतं. मी तिथं गेलोच नव्हतो. त्या हिवाळ्यात चार बायका लांबच्या इस्पितळाच्या वाटेतच दगावल्या."

कुणी मानही वर केली नाही. बाईंची पेन्सिल तेवढी चालत राहिली. ती पाहणीची थापही त्यांनीच टिपली होती, आणि खरी मानली होती.

खोलीत येऊन त्यांनी टिपण पुढ्यात घेतलं. हे छापलं तर म्हाताऱ्याची उभ्या जन्माची कमाई मातीत जाणार. गाळलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. बाईंना त्यांची दया आली. त्यांनी ती चार वाक्यं गाळली आणि मसुदा पाठवून दिला.

तासाभरात थोरले स्वतःच तीन जिने चढून आले, धापा टाकत. हातात मसुदा होता, समासात त्यांच्याच अक्षरात ती चार वाक्यं.

"साहेब, तुम्ही वाचता?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पहिल्यापासून. तुम्ही मला बरा माणूस करून ठेवत होता. कुणाला नको असतं?" ते खुर्चीत टेकले. "आता हे घाला, बाई."

"लोक फाडून खातील तुम्हाला."

"खाऊ देत. त्या बायकांच्या घरच्यांनी कधी विचारलं, तर कुठंतरी लिहिलेलं सापडायला हवं."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी टंकायला घेतलं. थोरले म्हणाले, "मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचलं. चौथं वाक्य त्यांनी घाईघाईनं उरकलं. थोरल्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग सही केली.