लांब हाताचं धनुष्य

शकुनबाईंनी धनुष्याची दोरी उतरवली, ते डोळ्यासमोर आडवं धरलं आणि एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"कोनं बनवलं हे?"

या प्रश्नाची अय्युबभाई अकोल्यापासून वाट पाहत आले होते. एस.टी.त ते धनुष्य त्यांनी मांडीवर घेतलं होतं, परतवाड्याला गाडी बदलताना कुणाचा धक्का लागू दिला नव्हता.

"म्या," ते म्हणाले आणि उगाचच खाकरले.

"काय काम करता तुमी?"

"पिंजारी हाओ आमी. गाद्या-रजया. बापाच्या हाताखाली कापूस पिंजाची धुनकी बनवाले शिकलो, तं म्हटलं पोरीचं धनुष्य बाजारातून काहून आनाचं?"

शकुनबाईंनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"मध्ये कौतुक किती आणि दुसरं काही किती, हे अय्युबभाईंना उमगलं नाही. त्यांनी ते सगळं कौतुक म्हणूनच घेतलं. आपल्या हातच्या वस्तूबद्दल माणूस असाच उदार असतो.

चांदूर बाजारच्या कडेला शकुनबाईंची पत्र्याची शेड होती. घराणं सुपं-टोपल्या विणणाऱ्यांचं. पण त्यांच्या सासऱ्यांना धनुष्याचा नाद लागला, तो सुनेकडे आला. आता अमरावतीच्या मैदानांवर बांबूच्या धनुष्याने खेळणारी पोरं दोरी चढवायच्या आधी एकदा तरी या शेडमध्ये येऊन जात. भिंतीला टेकून धनुष्यं उभी होती, कमरेएवढ्यापासून डोक्याच्या वर जाणाऱ्यांपर्यंत, आणि त्यांच्याखाली बांबूच्या ढलप्यांचा खच पडला होता.

तहरीम दाराशीच उभी होती. सतरा वर्षांची पोर, पण अय्युबभाईंचं डोकं तिच्या कानाला लागायचं. हात तर इतके लांब, की तयार कुर्त्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत आणि तिच्या अम्मीला पुढे पट्टी जोडावी लागे. मोहल्ल्यात कुणी त्यावरून हसलं, तर अय्युबभाई म्हणत, "माया पोरीले देताना अल्लानं हातचं राखलं नाही." त्याच हातांनी तिने जिल्ह्याचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा तर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पदकासोबतचा तिचा फोटो त्यांनी गादीच्या दुकानात अशा ठिकाणी लावला होता, की कापूस घ्यायला आलेल्या माणसाला तो पाहिल्याशिवाय भावच विचारता येऊ नये. फोटोत तिच्या खांद्याला हेच धनुष्य होतं.

आता राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. तिथे लांबच्या अंतरावरून मारायचं होतं आणि लांबच्या अंतरावर तहरीमचे बाण लक्ष्याच्या पायाशी जाऊन पडत होते. प्रशिक्षक सरांनी सांगितलं, "हिचे हात मोठे आहेत, हिला मोठं धनुष्य घ्या." अय्युबभाईंना ते झोंबलं. धनुष्यात काही कमी नाही, दोरी बदलली की झालं, असं त्यांचं मत होतं. ते शकुनबाईंच्या तोंडून ऐकावं आणि सरांना सांगावं, म्हणून तर ते आले होते.

"दोरीचंच काम असन ना?" त्यांनी विचारून पाहिलं.

"पाहू ना. पयले पोरीले पाहू द्या." शकुनबाईंनी तहरीमला आत बोलावलं. "हात पसर, माय."

बांबूची एक चपटी कांब त्यांनी तिच्या छातीवर टेकवली आणि पुढे पसरलेल्या बोटांपर्यंत नेली. बोटं जिथे संपली तिथे नखाने खूण केली आणि स्वतःशीच हसल्या.

"बाप रे. असा हात लय सालांनी पायला."

अय्युबभाईंनी लगेच मान ताठ केली, जणू तो हातही त्यांनीच तासला होता.

शकुनबाईंनी भिंतीशी उभं असलेलं एक उंच धनुष्य काढलं. साधंच होतं, रंग नाही, नक्षी नाही. "वढ हे. पन बाण नसताना दोरी सोडू नको, हळूच परत आन. तशी सोडली तं धनुष्याचा जीव जाते."

तहरीमने धनुष्य उचललं. दोरी तीन बोटांत धरली आणि ओढली. हात मागे येत गेला, येत गेला आणि हनुवटीच्या पुढेच थांबला.

"आनखी."

हात हलला नाही.

शकुनबाईंनी ते काढून घेतलं आणि त्याहून नरम दुसरं दिलं. तहरीमचा हात पुन्हा तिथेच थांबला. तिसरं तर इतकं नरम होतं, की एखाद्या लेकरानेही कानापर्यंत ओढलं असतं. तरी हात त्याच जागी अडला. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो काही जोर लावून आलेला नव्हता.

"माही ओढ एवढीच हाय, मावशी," ती हळूच म्हणाली.

"कांब तं तुही ओढ कानाच्या मागं सांगून राहिली. कांबीले तुही-माही भीड नाही." शकुनबाईंनी अय्युबभाईंचं धनुष्य पुन्हा मांडीवर घेतलं. मुठीच्या जरा वर लाल-हिरव्या रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे होते. तिथे त्यांचा अंगठा थांबला. "आन हे काय हाय?"

"ते पोरीनंच सजवलं," अय्युबभाई कौतुकाने म्हणाले. "लय जपते. तळहाताच्या फोडासारखं."

शकुनबाई दोऱ्याचं टोक नखाने उकलायला लागल्या.

"नको ना, मावशी," तहरीम पटकन म्हणाली.

पण तोवर वेढे सुटले होते. दोऱ्याखाली बांबूवर केसासारखी एक रेघ होती, तिरपी, खोल. अय्युबभाई खाली वाकले. चष्मा काढला, कुर्त्याला पुसला, पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

"कधी झालं हे?"

तहरीम म्हणाली, "पयल्याच साली. एकडाव पुरं ओढलं होतं. आवाज आला."

"मंग?"

"मंग पुरं ओढलंच नाही."

पिंजाऱ्याची धुनकी म्हणजेही धनुष्यच. पण तिची तात, म्हणजे दोरी, कुणी ओढत नाही; तिच्यावर लाकडी दांडक्याने ठोकायचं, की कापूस उडतो. ती जितकी ताठ तितकी चांगली. अय्युबभाईंनी पोरीचं धनुष्य त्याच हिशेबाने घडवलं होतं, ताठ आणि आखूड. ओढणाऱ्याचा हात कुठपर्यंत जाईल हे त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं, कारण त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणाला ते विचारात घ्यावं लागलं नव्हतं. हे सगळं त्यांना तिथे, बांबूच्या ढलप्यांत उभ्या उभ्या कळलं.

"मले काहून नाही सांगितलं?"

शकुनबाईंसमोर आतापर्यंत वऱ्हाडीत बोलणारी तहरीम एकदम घरच्या बोलीवर आली.

"आप सबको दिखाते थे ना, अब्बा."

रस्त्याने भेटेल त्याला थांबवून अय्युबभाई धनुष्य दाखवत, तेव्हा ही पोर शेजारी उभी राहून हसायची, ते त्यांना आठवलं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या मागोमाग दुसरंच काही उसळून वर आलं आणि त्याने पहिल्याला बाजूला सारलं. फुटक्या धनुष्याने, तेही अर्ध्या हाताने, हिने अख्खा जिल्हा जिंकला होता! दुकानातल्या फोटोचं त्यांना जे वाटत होतं ते काहीच नव्हतं. खरा फोटो तर कुणी काढलाच नव्हता.

"धनुष्य तं देईन मी," शकुनबाई सांगत होत्या. "तेच, उंचवालं. पन हाताले जे भेव बसलं, त्याचं मी काय करू? ते माया शेडीतलं नाही, तुमच्या घरचं हाय."

अय्युबभाईंनी त्यांच्या मांडीवरून आपलं धनुष्य उचललं. गुडघ्यात दाबून दोरी चढवली. गाठ नीट बसली. मग ते त्यांनी तहरीमपुढे धरलं.

"ओढ."

"अब्बा, टूट जाएगा."

"मालूम है."

"नहीं, अब्बा."

"म्या बनवलं ना? मंग मी सांगतो. पुरं ओढ."

शकुनबाईंनी पुढे होऊन तहरीमची ओढणी तिच्या तोंडावरून घट्ट गुंडाळून दिली, बांबूची कपची उडाली तर लागू नये म्हणून. नुसते डोळे उघडे राहिले आणि ते भरले होते.

तहरीमने दोरी धरली. हात हनुवटीपुढे आला आणि थांबला. मग तो हात हलला. हनुवटी मागे पडली, जबडा मागे पडला. बांबू करकरला. तहरीमने डोळे मिटले, पण हात थांबवला नाही. दोरी कानाच्या मागे गेली आणि फाडकन आवाज होऊन धनुष्याचे दोन तुकडे तिच्या हातात लोंबायला लागले.

तहरीमने डोळे उघडले. ती मोडक्या बांबूकडे पाहत होती. अय्युबभाई मात्र दोरी ओढणाऱ्या तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते. तो अजून तिथेच होता, कानाच्या मागे. कोपर पार खांद्यापलीकडे गेलेलं. आपल्या पोरीचा हात एवढा मोठा आहे हे जगाला सांगत फिरलेल्या माणसाने तो आज पहिल्यांदा पुरा पाहिला.

"माशाल्ला," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा एकदा नीट म्हणाले.

त्यांनी तिच्या हातातले तुकडे घेतले, बाजूला ठेवले आणि उंच धनुष्य स्वतः तिच्या हातात दिलं. शकुनबाईंनी शेडच्या मागच्या अंगाला मातीच्या ढिगाऱ्यापुढे टांगलेलं पोतं दाखवलं आणि एक बाण पुढे केला.

तहरीमने बाण लावला. मग थांबली आणि मान वळवून पाहिलं.

"अब्बा, थोडं मागं सरा ना. कोपर लागीन तुमाले."

अय्युबभाई एक पाऊल मागे सरले. तिच्याकडे पाहिलं, आणि आणखी एक पाऊल सरले.