पहिल्या ओळीतलं टिंब

प्रिंटरमधून निघालेला कागद उमाकांतराव बारबोल्यांनी घाईनं फाडून घेतला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा सुलटा केला. वर पाठवणारीचं नाव होतं, अलका. तारीख कालची. पत्राची लांबी सातशे बारा अक्षरं. आणि जिथं ही सातशे बारा अक्षरं असायला हवी होती तिथं नुसता कोरा कागद. डाव्या कडेला एकटंच एक टिंब होतं, पण ते प्रत्येक पत्राच्या शेवटी येतच असे. पत्र संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

बाहेरच्या टेलिफोन बोर्डावरून सुखदेवजींनी हाक दिली.

"बारबोले साब, लाइन फिर कट गई. दोबारा लगाऊँ?"

"रहने दीजिए."

"बिटिया की चिट्ठी आ गई?"

"लिफाफा आया है, सुखदेवजी. चिट्ठी नहीं आई."

सुखदेवजींना हा साहेबांचा विनोद वाटला आणि ते मनापासून हसले. उमाकांतरावांनी कागद पुन्हा एकदा उजेडाला धरला.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. जयपुरातल्या झालाना भागातल्या त्या सरकारी ऑफिसात दिल्लीच्या मोठ्या मशीनशी टेलिफोनवरून बोलणारा कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. बाकीचे अधिकारी त्याला दुरूनच नमस्कार करत. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या उमाकांतरावांनी मात्र त्याच्याशी सोयरीक जुळवली. अमेरिकेतून अलकानं लिहिलेलं पत्र मुंबईमार्गे दिल्लीच्या मशीनवर येऊन पडतं आणि ते आपल्याला जयपुरात ओढून घेता येईल, हे कळल्यावर तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी त्यांची गत झाली. वरिष्ठांनी 'चाचणी' या नावाखाली परवानगी दिली. दिल्लीहून टेपवर एक लायब्ररी आली आणि तिच्या जोरावर उमाकांतरावांनी रोज उशिरापर्यंत बसून, महिन्याभरात, पत्रं आणणारा आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला.

घरी हे सांगताना पंचाईत झाली होती. लायब्ररी म्हटल्यावर मालनबाईंना वाचनालय वाटलं.

"पुस्तकांची नव्हे गं. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा. आपण फक्त नावानं हाक मारायची. दार उघड, यादी दे, पत्र आण, पुसून टाक. तू तयार मसाला वापरतेस ना, तसं."

"मी तयार मसाला कधी वापरला ओ? बार्शीहून डंकावर कुटून आणते की."

उमाकांतरावांनी तो विषय तिथंच सोडला. पण पहिलं पत्र एका दिवसात आलं तेव्हा मालनबाईंनीही ते शेजारच्या तिवारीणबाईंना दाखवून आणलं. पाठोपाठ अलकाचं निळं एरोग्रॅम आलं आणि त्यात तिनं विचारलं होतं, की आई, बाबांच्या या नव्या पत्राला कुंकू कसं लावायचं? उमाकांतराव हसून हसून खोकायला लागले. उत्तर काय द्यायचं ते त्यांनी मालनबाईंवर सोपवलं आणि विसरून गेले.

आता हसण्यासारखं काही नव्हतं. अलकाचे दिवस भरत आले होते. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात सगळं विस्कटलं होतं. तेव्हा मालनबाईंनी आधीच शिवून ठेवलेली झबली, टोपडी ट्रंकेच्या तळाला गेली ती पुन्हा वर आली नव्हती. या खेपेला त्यांनी जयपूरजवळच्या बगरूहून लाल बुट्ट्यांचं मऊ कापड आणलं, तीनदा धुतलं, वाळवलं आणि घडी घालून कपाटात ठेवून दिलं. कात्री लावली नाही. का लावली नाही हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्यावर कुणी बोललं नाही.

उमाकांतरावांनी ऑफिसातूनच परदेशी कॉल बुक केला. दोन तासांनी लागला. अलकाच्या घरी घंटा वाजत राहिली, कुणी फोन उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बरं, पत्र पुन्हा आणावं तर तीही सोय नव्हती. दिल्लीच्या मशीनवर जागा कमी, म्हणून पत्र आणलं की तिथलं पुसून टाकायचं असा सक्त नियम होता, आणि उमाकांतरावांसारख्या शिस्तीच्या माणसानं तो आपल्या प्रोग्रॅममध्ये चोख पाळला होता.

त्यांच्या लहानपणी गावात वाईट बातमीचं कार्ड यायचं. त्याच्यावर 'श्री' नसायचं आणि त्याचा कोपरा फाटलेला असायचा. वडील ते उंबऱ्याबाहेरच वाचायचे. हातातल्या कागदावर श्री नव्हतं. घाईत फाडल्यामुळे कोपराही गेलेला होता. उमाकांतरावांनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. घरी दाखवायचा नाही, असं त्यांनी राजा पार्कातलं घर येईपर्यंत पक्कं ठरवलं.

पण पस्तीस वर्षं ज्या बाईनं त्यांच्या शर्टाची इस्त्री केली तिच्यापासून खिसा कुठं लपवणार. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मालनबाईंनी हात पुढे केला.

"आलंय ना पत्र? द्या."

"आलंय तसं. पण त्यात काही नाही. मशीनची गडबड आहे."

मालनबाईंनी चष्मा लावला, कागद उलगडला, जेवणाच्या टेबलावर तळहातानं सपाट केला. इंग्रजी अक्षरं त्या लावून लावून वाचत. अलकाचं नाव त्यांनी वाचलं. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"हे काय?"

"ते टिंब. पत्र संपलं की येतं."

"संपायला ते सुरू कुठं झालंय?"

उमाकांतराव कागदावर वाकले.

"तेच म्हणतोय मी. गडबड आहे. मधलं सगळं गेलंय."

"मधलं जाऊ दे. हे बघा की. सगळ्यात वर, एकटं." मालनबाईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "पोरीनं विचारलं नव्हतं का, कुंकू कसं लावायचं? तुम्ही दात काढत बसला. मी लिहिलं होतं तिला. म्हटलं कुंकू म्हणजे तरी काय, एक टिंबच असतंय. चांगली बातमी असली तर पत्राच्या डोक्यावर एक टिंब दे, म्हणजे मला कळेल. आणि नसली तर नको देऊ."

उमाकांतराव त्या टिंबाकडे बघत राहिले. गेल्या वर्षभरात त्यांनी अशी शेकडो टिंबं पाहिली होती.

"मालन, प्रत्येक पत्राला असतं ते."

"शेवटी असतंय. हे पहिल्या ओळीत आहे."

त्या उठल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्या बगरूचं कापड आणि कात्री घेऊन आल्या, कागद जपून बाजूला सारला आणि टेबलावर कापड पसरलं. कात्री चालवण्याआधी त्यांनी डोळ्यांना पदर लावला, एकदाच. उमाकांतरावांच्या छातीवरचं ओझं तेवढ्यानं निम्मं उतरलं; निम्मं राहिलं, कारण त्यांना अक्षरं हवी होती.

"तुमचा काय विश्वास नाही बसायचा," मालनबाई कापड कापता कापता म्हणाल्या. "जावा उद्या आणि आणा उरलेलं."

उरलेलं. हा शब्द ऐकला आणि उमाकांतरावांच्या डोक्यात लख्ख झालं. लायब्ररीतली 'पत्र आण' ही आज्ञा ओळीमागून ओळ वाचत जाई, आणि ओळीत एकटं टिंब दिसलं की पत्र संपलं असं समजून थांबे. अमेरिकेतल्या मशीनला अशा टिंबाचं काही वावडं नसावं, त्यानं ते जसंच्या तसं पुढे धाडलं. लायब्ररी लिहिणारा कुणी का असेना, शहाणाच असणार. पण पत्राला पहिल्याच ओळीत कुंकू लावणारी माणसं जगात असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पत्र आलेलंच होतं, त्यांच्याच प्रोग्रॅमनं ते दारातून परत पाठवलं होतं. आणि वर, आपल्याच हातानं पुसूनही टाकलं होतं.

ती शेवटची गोष्ट त्यांनी मालनबाईंना सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, ऑफिसला सुट्टी. सुखदेवजी किल्ल्या घेऊन आले, कारण काय आहे ते न विचारता आले. मालनबाईही बरोबर आल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याचं ऑफिस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि खुर्चीवर टाकलेला टॉवेल आधी घडी करून ठेवला.

उमाकांतरावांनी लायब्ररीचा जाडजूड छापील गठ्ठा काढला आणि 'पुसून टाक' ची पानं वाचायला घेतली. वापरताना ती कधी वाचावी लागली नव्हती. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात टीप होती. पुसायची आज्ञा दिली तरी दिल्लीचं मशीन लगेच पुसत नाही. फक्त खूण करून ठेवतं. रीतसर निरोप घेऊन दार लावलं, तरच पुसतं. निरोप न घेता कुणी मध्येच गेलं, तर खुणा मोडून टाकतं.

त्यांनी ती टीप दोनदा वाचली आणि ते बाहेर डोकावले.

"सुखदेवजी, कल लाइन कब कटी थी? चिट्ठी आते ही?"

"आते ही कट गई थी साब." सुखदेवजी ओशाळले. "अब जयपुर की लाइन है, क्या करें."

ज्या लाइनीच्या नावानं वर्षभर बोटं मोडली तिला उमाकांतरावांनी मनातल्या मनात हात जोडले. मग प्रोग्रॅममध्ये पाच ओळी बदलल्या. टिंबाशी थांबू नकोस, यादीत जेवढी अक्षरं सांगितली आहेत तेवढी मोजून घे. 'पुसून टाक' ची ओळ त्यांनी काढूनच टाकली. नियम मोडायची ही त्यांची नोकरीतली पहिली वेळ.

चौथ्या खेपेला लाइन लागली. प्रिंटरनं खरखर सुरू केली. आधी टिंब आलं. त्याखाली श्री आलं. आणि मग ओळी येत राहिल्या. उमाकांतराव इंग्रजी अक्षरांतलं मराठी मोठ्यानं वाचू लागले.

"आई, बाबा, मुलगी झाली. काल पहाटे. मी हॉस्पिटलमधून सांगतेय, सदाशिव घरी जाऊन लिहिणार आहे. मतलब, चुका त्याच्या. दोघी एकदम ठीक आहोत. वजन सहा पाउंड. नाक बाबांचं आहे, सॉरी. आईला सांगा, कुंकू आधी लावायला सांगितलंय, सदाशिवनं विचारलं हे टिंब कशाला..."

पुढचं त्यांना वाचवेना. ओळी सरळ दिसेनाशा झाल्या होत्या. मालनबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि 'मुलगी' वर बोट ठेवून स्वतः पुन्हा लावून लावून वाचलं.

"नवऱ्याला नावानं हाक मारते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. बाहेर सुखदेवजींना सगळं न कळताही कळलं होतं. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदात बांधलेलं गोड मावा कचोरीचं पुडकं घेऊनच आले.

"आता लगोलग उत्तर द्या," कचोरीचा तुकडा सुखदेवजींच्या हातावर ठेवत मालनबाई म्हणाल्या.

उत्तर तयारच होतं. पहाटे झोप येईना तेव्हा उमाकांतरावांनी दीड पानाचा मसुदा लिहिला होता. बाळ-बाळंतिणीनं काय खावं, थंडीत कान कसे झाकावेत, शेवटी आशीर्वाद. तो खिशात होता. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि अलकाचा पत्ता टाइप केला.

"आधी कुंकू," मालनबाई म्हणाल्या.

"शेवटी देतो. इथं काय आहे, टिंब दिलं की..."

"कुंकू कधी शेवटी लावतात का ओ?"

उमाकांतरावांनी वळून पाहिलं. मालनबाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या, चष्म्यावर बोटांचे ठसे, हातात ते पत्र. लिहिण्याच्या प्रोग्रॅमची रीतही तीच होती, एकट्या टिंबापाशी पत्र संपायचं आणि निघून जायचं. हे त्यांना समजावून सांगता आलं असतं. अलकाला तर सांगायचीही गरज नव्हती; ती या यंत्रांतच रमलेली, कोरं पत्र पाहून बाबांनी पहिल्या ओळीत काय दिलं हे तिला बरोबर कळलं असतं.

त्यांनी खिशाकडे नेलेला हात मागे घेतला. पहिल्या ओळीत एक टिंब दिलं आणि पुढची कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली, पत्र रवाना.

"इतक्यात झालं लिहून?" मालनबाईंनी विचारलं.

"झालं," उमाकांतराव म्हणाले, आणि कचोरीसाठी हात पुढे केला.