खाली हाय

कमळाकरांच्या घरात 'खाली' हा शब्द कुणी बोलत नसे. कोपरखैरणे गावातलं चार मजल्यांचं घर, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले. अशा घरात दिवसातून पन्नास वेळा खाली जावं लागतं. पण माणसं 'तळाला जातो' म्हणत, 'अंगनात हाय' म्हणत, आणि हंड्यात पाणी नसलं तर 'रिकामा' म्हणत. नव्या भाडेकरूला याची गंमत वाटायची. मग शेजारचं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन कुंदनचं सांगायचं, आणि तोही तळाला जायला लागायचा.

कुंदन हा थोरला. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बापाचं पिस्तूल पुसून, तेल लावून देवापुढे मांडायचं काम त्याचं. पिस्तूल जुनं, परदेशी बनावटीचं. रेतीच्या धंद्यातल्या भांडणांपायी कमळाकरांनी रीतसर लायसन्स काढून घेतलेलं. त्या सकाळी ते गच्चीच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. तळमजल्यावरून कुंदनने हाक मारली, "बाबा, पिस्तूल खाली हाय ना?"

त्यांना वाटलं, पोरगा शोधतोय. कपाट तर तळमजल्यावरच होतं. "हां, खालीच हाय," ते वरून ओरडले.

कुंदन हिंदी बोलणाऱ्या दोस्तांत वाढलेला. त्याचं 'खाली' म्हणजे रिकामं, आणि पिस्तूल त्याच्या हातातच होतं. त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं आणि पुसता पुसता चाप ओढला. मॅगझिन निघालं तरी नळीत चढवलेली गोळी तिथेच राहते. ती कमळाकरांनीच चढवली होती, आदल्या आठवड्यात बंदरावर बाचाबाची झाली तेव्हा, आणि साफ विसरून गेले होते.

कुंदन जागच्या जागी गेला. पिस्तूल पोलिसांच्या मालखान्यात गेलं. ते सोडवून आणायला कमळाकर कधी फिरकले नाहीत. अपघात होता हे सगळ्यांनी मान्य केलं. त्यांची बायको पुतळाबाई मात्र हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी धाकट्या हरेशने एक पेटी आणून बापाच्या मांडीवर ठेवली. हरेश बांधकामाच्या धंद्यात. त्याला धमक्यांचे फोन येत होते आणि लायसन्स मिळालं होतं, एवढं घरात ठाऊक होतं. कमळाकरांनी झाकण उघडलं तर आत तेच पिस्तूल.

"ते नाय ओ बाबा," हरेश घाईने म्हणाला. "कंपनीने जुनं मॉडेल परत काढलंय. दिसायला सेम टू सेम."

हे घरात राहणार नाही, असं कमळाकरांनी तिथल्या तिथे ठरवलं. एक पोरगा गेला होता, दुसरा त्याच वाटेने जाऊ द्यायचा नव्हता. पण नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण तोंडातून निघत नव्हतं. म्हणून त्यांनी खोट काढायला सुरुवात केली, मंडईत घ्यायची नसलेली वांगी उलटीपालटी करावीत तशी. जुन्याचा काळा-निळा रंग लोखंडातच मुरलेला होता, हा वरून फासल्यागत. जुन्याच्या मुठीवर लाकडाच्या पट्ट्या होत्या, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेल्या. इथे लाकडाचा आव आणणारं प्लॅस्टिक. जुन्यावर कोरलेली अक्षरं नखाला लागायची, ही नुसती भाजून उमटवलेली. आणि चाप केवढा जड.

"नकली हाय," ते म्हणाले. "परत कर."

"चाप जड का हाय ते तरी बघा."

हरेशने मॅगझिन काढलं. वरची सरकती स्लाइड मागे ओढून नळीत डोकावला, बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं. मग पिस्तूल भिंतीकडे धरून चाप ओढला. मागचा घोडा पडला नाही, उभाच राहिला.

"यात एक पुर्जा नवीन टाकलाय, त्यानंच चाप जड लागतो. मॅगझिन बाहेर असलं की चाप मेला. आत गोळी राहिली असली तरी उडनार नाय." हरेशने पिस्तूल बापापुढे धरलं. "आपल्या जुन्यात हे नव्हतं, बाबा. मी हे बघूनच घेतलं."

"केवढा असतो त्यो पुर्जा?"

"असेल नखाएवढा."

कमळाकर आपल्या करंगळीच्या नखाकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी त्या शब्दाला दोष दिला होता, आपल्या जिभेला दिला होता, विसरलेल्या गोळीला दिला होता. नखाएवढा लोखंडाचा तुकडा असता तर शब्द चुकला तरी चाललं असतं, गोळी विसरली तरी चाललं असतं. पोरगा गच्चीवर येऊन 'काय बाबा तुमी पन' म्हणाला असता, आणि आज त्याला टक्कल पडायला लागलं असतं. मसणवट्यातही त्यांना इतकं दुःख झालं नव्हतं. तिथे निदान, व्हायचं ते झालं, असं म्हणता येत होतं.

पुतळाबाई झेंडूचं ताट घेऊन दारात उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"परत दाव," ती हरेशला म्हणाली.

त्याने पुन्हा चाप ओढून दाखवला.

"आता कुंदनला दाव."

हरेश जागचा हलेना. तेव्हा तिने ताट ठेवलं, त्याचं मनगट धरलं आणि त्याला फोटोपुढे नेलं. फोटोला सकाळीच हार घातलेला होता. हरेशने चाप ओढला. काही आवाज झाला नाही.

"बघ रं बाला," पुतळाबाई म्हणाली. "नाय वाजत." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमी बी बघा. तुमच्या एकल्या बोलन्यानं नाय गेला त्यो."

कमळाकर रडले. कुंदन गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, बायको-पोरासमोर, नाक पुसायचंही भान न ठेवता. पुतळाबाईने पदर पुढे केला, तोही त्यांनी घेतला. हरेश पिस्तूल धरून तसाच उभा होता. देवापुढे पाट मांडलेला होता, पण त्यावर ठेवावं की पेटीत घालून परत न्यावं ते त्याला कळत नव्हतं.

"आता हातात काय धरून बसलास," कमळाकर म्हणाले. "ठेव खाली. पूजा करू."

शब्द तोंडातून निघून गेला होता.

मॅगझिन तर बाहेरच होतं. तरी हरेशने स्लाइड मागे ओढली, नळीत बोट घातलं, मग बापाचं बोट धरून तेही आत घातलं. आत काही नव्हतं. मग तो वाकला आणि त्याने पिस्तूल खाली ठेवलं.